माजायचं न्हाई

कोल्हापूरच्या आसपास कुठल्याही गावात जा, मारुतीच्या देवळाला लागून एक तालीम असते आणि तालमीच्या कट्ट्यावर एक वस्ताद असतो. तालीम कधी कौलारू, कधी पत्र्याची, कधी आमदार फंडातून निम्मा स्लॅब पडून थांबलेली. वस्ताद मात्र सगळीकडं एकाच घाटाचे. पांढरा लेंगा, तीन गुंड्यांचा सदरा, त्यातली वरची गुंडी जन्मात कधी लागलेली नाही, कारण मानेचा घेर तिला झेपत नाही. कान चेपलेले, गुडघे कुरकुरणारे, डोक्याला टोपी. नाव विचाराल तर ते रेशन कार्डावर आणि मतदार यादीत सापडतं. नवा पोस्टमन पाकिटावरचं नाव गावभर विचारत हिंडला होता. शेवटी ते पाकीट ज्यांच्या हाती पडलं त्यांनीही आधी ‘हा कोण?’ म्हणून उलटसुलट करून पाहिलं.

हे पद कुणी देत नाही. पगार नाही, नेमणूक नाही आणि निवृत्ती तर नाहीच नाही. कधीकाळी हा गडी जत्रेच्या मैदानात शंभर-दोनशेच्या कुस्त्या मारायचा. मग गुडघा गेला किंवा लग्न झालं, किंवा दोन्ही एकाच साली. कुस्ती सुटली, तालमीची वाट सुटली नाही. बारकी पोरं खडाखडी करत असताना कट्ट्यावरून ‘पाय मागं घे रं’ असं एकदा सहज तोंडातून निघून गेलं, आणि आता नातवंडं झाली तरी ते ‘पाय मागं घे’ संपलेलं नाही.

वस्तादांना पोरांची नावं लक्षात राहत नाहीत. खरं तर राहतात, पण त्यांना ती पटत नाहीत. त्यामुळं तालमीत आल्यापासून आठवड्याच्या आत प्रत्येकाचं दुसरं बारसं होतं. ट्रॅक्टर, गवा, चिमणी, खवीस. रोज उशिरा येतो त्याचं नाव एस्टी. मला वडिलांनी चौथीत तालमीत घातलं तेव्हा वस्तादांनी खालून वर एकदा न्याहाळलं, सुस्कारा सोडला आणि ‘अगरबत्ती’ अशी नोंद केली. कुस्तीनं माझी संगत पहिल्याच पावसाळ्यात सोडली, नाव अजून गावात टिकून आहे. पण माझं काहीच नाही. चिमणी आता फौजदार आहे, वजन नव्वदच्या पुढं, मिशी भरघोस. कुणाचीतरी मोटारसायकल सोडवायला वस्ताद एकदा ठाण्यात गेले. दोन हवालदार, तीन आरोपी आणि एक वकील यांच्या देखत दारातून हाक आली, “चिमणे, हाईस का रं?” साहेब खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि वाकून पाया पडले. त्या दिवशी आरोपींनी सगळं भराभर कबूल केलं असं म्हणतात.

पहाटे साडेचारला तालमीचा दिवा लागतो. नवं पोरगं दोन दिवस फिरकलं नाही की तिसऱ्या दिवशी वस्ताद त्याच्या दारात. कडी वाजवणं त्यांना माहीत नाही. अंगणात उभं राहून ते फक्त विचारतात, “उठलास काय रं?” शेजारी उठतात, शेजाऱ्यांची म्हैस उठते, बोळातली कुत्री उठतात. पोरगं तेवढं उठत नाही. शेवटी बाप डोळे चोळत बाहेर येऊन ‘जरा कणकण हाय त्याला’ म्हणायला लागला की वस्ताद त्यालाच आपादमस्तक बघतात. “बरं, मग तुम्ही चला.” एका बापाला खरोखरच शरमेपोटी जाऊन पन्नास बैठका माराव्या लागल्या. दुसऱ्या दिवसापासून पोरगं न बोलावता हजर. घरात कुणी झोपूच देईना.

त्यांची जोर मोजायची रीत हा एक स्वतंत्र विषय आहे. एक ते वीस भरभर, वीस ते चाळीस सावकाश, आणि सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला आलं की एकदम थांबून, “कोण हसलं? पुन्हा तीसपास्नं!” कुणीही हसलेलं नसतं. दंडांत गोळे आलेले असताना हसणार कोण? तरी रोज कुणीतरी हसतं, आणि रोज अठ्ठेचाळीसच्या आसपासच. जुन्या पोरांच्या मते आमच्या तालमीतला शेकडा दीडशेच्या खाली कधी भरलाच नाही.

माती हा त्यांचा खरा संसार. हौद्यातली लाल माती नुसती आणून टाकून भागत नाही. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर जातं. खोऱ्यानं ती पुन्हा पुन्हा उकरावी लागते, खडा वेचावा लागतो. हे सगळं येतं कुठून? गावातून. वस्ताद स्वतःसाठी कुणाकडं काडेपेटीही मागणार नाहीत, पण मातीसाठी मागताना त्यांना लाज म्हणून शिवत नाही. “लिंबं लय लागल्यात की तुझ्या झाडाला. तालमीची किती?” दूध संस्थेच्या सेक्रेटरीनं ताकाची घागर द्यायची, सांगलीच्या पेठेत हळद विकायला गेलेल्यानं येताना पुडकं आणायचं, तेलाच्या घाण्यावाल्यानं डबा भरायचा, आणि दिल्यावर ‘चांगलं होतं का?’ एवढंच ऐकून घ्यायचं. माती कालवून झाली की वस्ताद उकिडवे बसतात. मूठभर उचलतात, दाबतात, मूठ उघडतात. तळहातावर बोटांच्या खुणा उमटलेला गोळा असतो. त्याला अंगठ्यानं हलकेच टेकवतात. लगेच विस्कटला तर, “ताक मागत्या अजून.” तसाच राहिला तर, “लय झालं, वाळू दे.” टेकवल्यावर क्षणभर थांबून मग सुटा झाला, की तीच मूठ कपाळाला लावून हौद्यात टाकतात आणि पोरांना उतरायची परवानगी मिळते. परवानगीआधी अंगं तपासली जातात. कुणाच्या पाठीवर बोटभर नायटा दिसला तर गड्याची रवानगी कट्ट्यावर, डाग जाईपर्यंत. तिथं वशिला चालत नाही; सरपंचाचा पोरगा महिनाभर कट्ट्यावर बसून होता.

भेटल्यावर ‘कसा आहेस’ असं वस्ताद कुणाला विचारत नाहीत. “खाल्लंस काय?” एवढाच प्रश्न, आणि उत्तरात भाकरी, दूध, तूप यांपैकी एकही शब्द आला नाही तर पुढचं बोलणं होत नाही. जगातल्या सगळ्या किमती ते बदामात मोजतात. शंभर रुपयांचा मोबाइल रिचार्ज म्हणजे इतके बदाम. वाढदिवसाचा केक म्हणजे इतके बदाम, वर अंगाला काही लागणार नाही ते वेगळंच. तालमीसमोर चायनीजचा गाडा लागला तेव्हा त्यांनी गाडेवाल्याशी भांडण काढलं नाही, फक्त रोज संध्याकाळी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायला लागले. गाडा आठवड्यात स्टँडवर गेला. एका पोरानं प्रोटीन पावडरचा डबा आणला तर त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, “कोण बाळंत झालंय घरात?”

पण खुराक ही नुसती बोलायची गोष्ट नाही हे त्यांना पुरतं माहीत आहे. म्हशीचं दूध डेअरीला गेलं तर घरात मीठमिरची येते, आणि पोराच्या पोटात गेलं तर येत नाही. म्हणून ते आयांशी वाटाघाटी करतात. अंगणात बसून, चहा नको म्हणत म्हणत दोन कप पिऊन शेवटी तह होतो: सकाळचं दूध डेअरीला, संध्याकाळचं पोराला. ज्या घरात म्हैसच नाही तिथलं पोरगं संध्याकाळी ‘काकींनी बोलावलंय’ म्हणून वस्तादांच्या घरी जातं. काकी म्हणजे वस्तादांची बायको. त्यांनी कुणालाही बोलावलेलं नसतं. त्या काही न बोलता पातेल्यात तांब्याभर दूध वाढवतात.

तालमीत तीन तसबिरी आहेत. मधे मारुती, एका बाजूला शाहू महाराज, दुसऱ्या बाजूला खाशाबा जाधव. नवं पोरगं आलं की त्याला खाशाबांची गोष्ट ऐकावीच लागते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा गडी. १९५२, हेलसिंकी, वजन सत्तावन्न किलो, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. हे सगळं वस्ताद एका दमात उरकतात, कारण त्यांना घाई असते ती पुढच्या भागाची. “आणि जायला पैसा कुठला? राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी घर गहाण टाकलं. घर! सात हजाराला. मेडल कुणी आणलं?” पोरं म्हणतात, खाशाबांनी. “आणि घर कुणाचं?” पोरं गप्प. “खर्डेकरांचं. पेपरात फोटू कुणाचा?” पोरं आणखी गप्प. मग वस्ताद समोरच्या ट्रॅक्टरकडं वळतात. “तुझ्यापायी कुणी काय गहाण टाकलंय? काय न्हाई न्हवं? मग निदान येळंवर येत जा.”

त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला असं पदक मिळायला बहात्तर वर्षं लागली. २०२४ साली राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला नेमबाजीत कांस्य आणलं, तेव्हा वस्तादांनी स्वतःच्या पैशानं पेढे वाटले. वाटून झाल्यावर हळूच म्हणाले, “पोरगं आपलंच हाय, लय मोठं काम केलं. खरं, झोपून नेम धरायचा त्याला खुराक कसला देत असतील?”

वस्ताद एकटे तालीम चालवत नाहीत, असं ते स्वतः सांगतात आणि ते खरं आहे. स्पर्धेचा हंगाम आला की त्यांची फौज बाहेर पडते. पहिले मास्तर. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले. आयुष्यात कधी लांग घातली नाही, पण तालुक्यातल्या प्रत्येक बारक्या पैलवानाचा जन्मदाखला, आधार कार्ड आणि दोन फोटो त्यांच्या फायलीत आहेत. वयाच्या गटाला ते देवाइतकं मानतात. समोरच्या गावानं चौदा वर्षांखालच्या गटात मिशी फुटलेला गडी उभा केला, तर मास्तर चष्मा पुसून त्याला प्रेमानं जवळ बोलावतात आणि ‘बाळ, तुझा मोठा मुलगा कितवीत आहे?’ असं विचारतात. दुसरा टेंपोवाला. आठवडाभर भाजी वाहतो आणि रविवारी पैलवान. डिझेलचं कुणी विचारलं की त्याला अचानक आरशाची काच पुसायची असते. तिसरा हलगीवाला, ज्याच्यावाचून जत्रेचं मैदान उभंच राहत नाही. लढत रंगात आली की त्याचे हात आपोआप द्रुत लयीत जातात आणि गाव उठून उभं राहतं.

जिल्ह्याच्या स्पर्धेला टेंपो पहाटे निघतो. मागं वीसेक पोरं, भाकरीची गाठोडी, आणि एक घरगुती वजनकाटा, कारण वस्तादांचा आयोजकांच्या काट्यावर विश्वास नाही. वजनाचा प्रसंग म्हणजे परीक्षाच. एकदा खवीस दीडशे ग्रॅम जास्त भरला. त्याला स्वेटर घालून मैदानाला पळवलं, थुंकायला लावलं, तरी काटा थोडा वरच. वस्तादांनी मास्तरांच्या फायलीतली कात्री मागून घेतली आणि तिथंच, कंपाउंडच्या भिंतीला टेकवून, खविसाचे हीरोसारखे वाढवलेले केस कापले. काटा जागेवर आला, खवीस रडला. तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. २०२४च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला विनेश फोगाटचं वजन अंतिम फेरीच्या सकाळी पन्नास किलोच्या गटात शंभर ग्रॅम जास्त भरलं. रात्रभर घाम काढला, केससुद्धा कापले, तरी ती बाद झाली. त्या दिवशी तालमीत टीव्हीवर हे बघून वस्ताद तडक उठून गेले. त्यानंतर खविसाच्या केसांवरून कुणी हसलेलं मी ऐकलं नाही.

गादीवरच्या कुस्तीशी त्यांचं लग्न ठरवून झालेलं आहे. प्रेम सावकाश आलं. मातीत वाढलेल्या माणसाला पाठ टेकल्याशिवाय निकाल म्हणजे काय ते कळत नाही. जत्रेतली निकाली कुस्ती चितपट होईपर्यंत चालायची, दुपार टळून जायची. आणि इथं तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, घड्याळ, गुण, आणि दहा गुणांची आघाडी झाली की शिट्टी. “पाठ लागली का? न्हाई लागली. मग जिकला कसा?” असं त्यांनी पंचांना विचारलं, पंचांनी नियम सांगितला, आणि वस्तादांनी ‘ह्या नियमाला जेवाय घाला’ म्हणून पाठ फिरवली. पण पोरं हरायला लागली तसे ते नातवाच्या मोबाइलवर रात्री जागून कुस्त्या बघायला लागले. नियम पाठ झाले. इतके, की एका स्पर्धेत आमच्या गड्याचा एक गुण समोरच्याला गेला तेव्हा ते ताडकन उठले. अशा वेळी प्रशिक्षकानं एक मऊ ठोकळा गादीवर टाकून दाद मागायची असते. ठोकळा हाताशी नव्हता. वस्तादांनी डोक्यावरची टोपी फेकली. ती पंचांच्या पायाशी जाऊन पडली. सगळा हॉल स्तब्ध. शेवटी कुणाच्यातरी मोबाइलमधलं चित्रण पाहिलं, तर समोरच्याचा पाय वर्तुळाबाहेर गेलेला स्पष्ट दिसत होता. गुण फिरला. वस्तादांनी आनंद वगैरे काही केला नाही. “टोपी झाडून द्या,” एवढंच म्हणाले.

मुलींची गोष्ट अशीच. एका बापानं पोरीला आणून तालमीच्या दारात उभं केलं तेव्हा वस्ताद म्हणाले, “आमच्यात न्हाई ती पद्धत.” पोरगी परत गेली नाही. रोज येऊन कट्ट्यावर बसायची. चार दिवसांनी ती शेजारून बोलायला लागली, “वस्ताद, त्यो मान खाली घालतोय बघा.” तो खरंच घालत होता. वस्ताद अस्वस्थ झाले आणि घरी जाऊन त्यांनी हा प्रश्न काकींसमोर मांडला. काकी भाकरी थापता थापता म्हणाल्या, “माझ्या बापानं मला तालमीत घातली असती तर तुमच्याशी लग्न करायची पाळीच आली नसती.” दुसऱ्या दिवशी पोरगी हौद्यात होती आणि तिचं नाव ‘मिरची’ पडलं होतं. बघता बघता आणखी पाच-सहा जणी आल्या. त्यांच्या वेळेला सोबत म्हणून काकी दारात लसूण सोलत बसायला लागल्या. २०२३च्या मार्चमध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीला झाली, तेव्हा टेंपो भरून गेला. प्रतीक्षा बागडीनं ती पहिली मानाची गदा घेतली. लढत चालू असताना आमच्या रांगेतून ‘पट काढ! पट काढ की गं!’ असा आवाज येत होता. तो वस्तादांचा नव्हता. ते शेजारी बसून नुसते बघत होते, काकींकडं.

शाबासकी हा शब्द वस्तादांच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही. जत्रेत पालखी झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मैदान भरतं. आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या, इवल्या इवल्या पोरांच्या. मग दहा-वीस रुपयांच्या, मग शेकड्यातल्या, आणि सगळ्यात शेवटी मोठ्या इनामाची जोड. जिंकलेला फेटा उडवत, लोकांकडून नोटा घेत मैदानाला फेरी मारतो. तो फिरत फिरत वस्तादांसमोर आला की एकच वाक्य मिळतं, “माजायचं न्हाई.” रेवडी जिंकलेल्या सहा वर्षांच्या पोरालाही तेच आणि जिल्ह्यात पहिला आलेल्यालाही तेच. एका पोराला बारावीला नव्वद टक्के पडले, पेढे घेऊन गेला, त्यालाही तेच. तोवर हरलेला गडी कुठंतरी माणसांच्या मागं तोंड लपवून उभा असतो. वस्ताद उठतात, गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ जातात, खांद्यावरची माती झाडतात आणि सदऱ्याच्या आतल्या खिशातली घडी केलेली नोट त्याच्या मुठीत कोंबतात. सोबत कानात काहीतरी सांगतात. ऐकणाऱ्याला वाटेल धीर देत असतील. मी एकदा जवळ होतो. “डावा पाय पुढं ठेवलास, म्हणून गेलास. उद्या लौकर ये.” बस.

आणि मग वर्षा-दोन वर्षांतनं एकदा वेगळाच दिवस येतो. एखादं पोरगं असं निघतं की त्याला गावात जोड उरत नाही. गाव म्हणतं, आता वस्तादांचं नाव निघणार. वस्ताद मात्र त्याला कोल्हापूरला सोडायची तयारी करतात. पत्र्याची ट्रंक, शाळूचं पोतं, तुपाचा डबा, गादीची वळकटी. एस्टीतून उतरल्यावर आधी खासबागेत नेतात. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं ते मैदान. रिकाम्या मैदानातली माती पोराच्या कपाळाला लावतात. वाटेत तालमींची नावं दाखवतात आणि फुटबॉलवर घसरतात. कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम मंडळ, पण पाटाकडील म्हणा, दिलबहार म्हणा, बालगोपाल म्हणा, आज गाव त्यांना ओळखतं ते फुटबॉलच्या संघांमुळं. “तालीम म्हणायचं आणि पायानं खेळायचं,” असं पुटपुटत ते पोराला गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी यांपैकी एखाद्या तालमीच्या दारात उभं करतात. श्रीपती खंचनाळे १९५९ला पहिले हिंद केसरी झाले, पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकर झाले. त्या आखाड्यांची परंपरा सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली येतो. तिथल्या वस्तादांना ते म्हणतात, “उजवा पट चांगला हाय ह्याचा. मान कच्ची हाय. दमात घ्या, मारा, खरं उपाशी ठेवू नका.” पोराला इतकी वर्षं मिळाली नाही ती शाबासकी ही अशी, दुसऱ्याला सांगितलेली, आणि ती ऐकून गड्याच्या डोळ्यांत पाणी येतं. वस्तादांना परतीची गाडी गाठायची असते.

पुढं पेपरात बातमी येते. पोरगं जिंकलेलं असतं, नावापुढं कोल्हापूरच्या तालमीचं नाव असतं, फोटोत शेजारी तिथले वस्ताद. आमच्या तालमीत ते कात्रण भिंतीला लागतं. गावाच्या नावाखाली निळ्या बॉलपेनची रेघ असते, तीही गाव छापलं असेल तर. दुसऱ्या दिवशी वस्ताद नव्या चौथीतल्या पोराला ‘पाय मागं घे’ शिकवत असतात. गावातल्या उत्साही मंडळींनी एकदा त्यांचं नाव पुरस्काराला पाठवायचं ठरवलं. द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ पासून आहे, मग आपल्या वस्तादांना का नको? मास्तर कागद घेऊन बसले. आपण घडवलेले आंतरराष्ट्रीय खेळाडू कोण, असा विषय निघाला. वस्ताद खूप वेळ आठवत राहिले. “लिवा, चिमणी. फौजदार हाय. गवा, मिल्ट्रीत. ट्रॅक्टर, ऊस चांगला पिकवतोय, दारू पीत न्हाई. एस्टी...” मास्तरांनी पेनाला टोपण घातलं.

शेवटी पोरांनीच सत्कार करायचं ठरवलं, हनुमान जयंतीला. वस्ताद आधी रागावले. घरात शाली आधीच ढीगभर; काकी त्यांतली एक पापडांवर घालतात, एक नव्यानं व्यालेल्या शेळीवर, आणि तिसरी तालमीच्या खिडकीला पडदा म्हणून आहे. मग त्यांनी अट घातली: मास्तर, टेंपोवाला, हलगीवाला आणि ताक देणारा सेक्रेटरी हे चौघं शेजारी खुर्चीवर असतील तरच. टेंपोवाल्याला कोल्हापुरी फेटा बांधल्यावर तो स्वतःलाच आरशात ओळखेना. पाहुण्यांची भाषणं झाली. एका पाहुण्यांनी कुस्तीपेक्षा स्वतःच्या बालपणाविषयी जास्त सांगितलं, दुसऱ्यांनी वस्तादांना दोनदा भीष्माचार्य आणि एकदा चुकून स्वर्गवासी म्हटलं. हलगीवाल्यानं तिथंच एक ठोका टाकला, म्हणून सभा वाचली.

मग माइक वस्तादांकडं आला. त्यांनी समोर बसलेल्या माजी पैलवानांवरून सावकाश नजर फिरवली.

“सगळ्यांची पोटं सुटल्यात,” ते म्हणाले. “चिमणे, हुबा ऱ्हा. बग, शर्टाची गुंडी कशी वराडाय लागल्या.”

फौजदार उभे राहिले. टाळ्या पडल्या. मग खिशातून चुरगाळलेला कागद निघाला, मास्तरांच्या अक्षरातला. त्यात कुणी किती घागरी ताक दिलं, कुणी कोणत्या साली पत्रे दिले, कोणत्या आईनं कुणाच्या पोराला जेवू घातलं, हे ओळीनं लिहिलेलं होतं. दहा मिनिटं ते नुसती नावं वाचत होते. स्वतःचं नाव त्यात नव्हतं. काकींचं होतं, सगळ्यांत शेवटी, ‘दूध, रोज’ एवढ्याच तपशिलासह. काकींनी पदर तोंडाला लावला आणि शेजारणीला म्हणाल्या, “हिशेब आज कळला ह्यास्नी.”

कार्यक्रम संपला, पाहुणे गेले, पोरं जेवायला बसली. सत्काराचे नारळ तोवर फुटून बारक्या पोरांच्या पोटात गेले होते. सरपंच जवळ येऊन म्हणाले, “वस्ताद, लय केलं तुम्ही. आता जरा आराम करा.” वस्तादांचं लक्षच नव्हतं. ते मांडववाल्याच्या मागं लागले होते. तो ताडपत्री उतरवायला शिडीवर चढला होता, आणि वस्ताद खालून शिडी धरून उभे होते, सोडायच्या बेतात अजिबात नव्हते.

“कशाला काढतोस? पाऊस दोन म्हैन्यांवर आला. तालमीचं पत्रं गळत्यात, हौद्यात पानी जातंय. दिवाळीपतोर ऱ्हाऊ दे की हिकडं.”

“वस्ताद, भाड्याची हाय ती.”

“आरं, भाडं देतोय कोण? आणि तुझं पोरगं कितवीत गेलं यंदा?”

“चौथीत.”

“दाखव बगू. उंच हाय का?”